'सहज' हा शब्द कसा म्हणायचा? वास्तववादी अभिनयाची पहिली पावलं

नवी मुलं तालमीला आली की पहिल्या एक-दोन दिवसांतच कुणीतरी विचारतं, "हे वाक्य रागानं म्हणू की दुःखानं?" प्रश्न अगदी प्रामाणिक असतो, पण मी त्याचं सरळ उत्तर देत नाही. 'रागानं' असं सांगितलं की तो नट भुवया आवळतो, आवाज चढवतो, मुठी वळतो आणि आपलं काम झालं असं समजतो. प्रेक्षकाला राग दिसतच नाही, राग दाखवणारा एक माणूस दिसतो.

भावना ठरवून आणता येत नाही. कृती मात्र ठरवून करता येते, आणि ती मनापासून केली की भावना तिच्या मागोमाग येते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीकडे जातात. समजायला सोपं जावं म्हणून एक छोटासा प्रवेश घेऊ. तो मी या लेखासाठीच लिहिला आहे. शेवटपर्यंत आपण याच्यावरच काम करणार आहोत.

(ताई कपड्यांच्या घड्या घालते आहे. भाऊ दारात येऊन उभा राहतो. खांद्याला पिशवी.)

भाऊ : दार उघडंच होतं.
ताई : उघडंच असतं.
भाऊ : बरी आहेस ना?
ताई : बस.
भाऊ : नको, लगेच निघायचंय.
ताई : मग आलास कशाला?
भाऊ : सहज.

वाक्यं सात. पाठ करायला दोन मिनिटं लागतील. उभा करायला मात्र आठवडासुद्धा कमी पडतो.

ही पद्धत आली कुठून

कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्की (1863–1938) हा मॉस्कोचा नट आणि दिग्दर्शक. 1897 च्या जूनमध्ये तो आणि नाटककार-दिग्दर्शक व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को मॉस्कोतल्या एका उपाहारगृहात भेटले आणि सुमारे अठरा तास बोलत बसले. त्या बैठकीतून 1898 साली मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं. तेव्हाची रीत अशी होती की मुख्य नट पुढे येऊन प्रेक्षकांकडे तोंड करून वाक्यं फेकायचे, तालमी मोजक्याच व्हायच्या आणि नेपथ्य गोदामातलं जुनंच काढून लावलं जायचं. अशा रीतीनं रशियन नाटककार चेकॉव्हची नाटकं करता येणं शक्यच नव्हतं. त्याची माणसं बोलतात एक आणि त्यांच्या मनात चाललेलं असतं भलतंच. त्याचं 'सीगल' 1896 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिल्याच प्रयोगात पडलं होतं. तेच नाटक 1898 च्या डिसेंबरमध्ये मॉस्को आर्ट थिएटरनं केलं आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं.

नवोदितांना त्याहून उपयोगी वाटेल असा प्रसंग 1906 चा आहे. स्तानिस्लाव्हस्की तेव्हा नावाजलेला नट होता. उन्हाळ्यात विश्रांतीसाठी तो फिनलंडला गेला होता आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की आपली सर्वांत आवडती भूमिका, नॉर्वेचा नाटककार इब्सेनच्या नाटकातला डॉ. स्टॉकमन, आपण नुसत्या सवयीनं करतो आहोत. हातवारे तेच, चाल तीच, पण आतलं कारण हरवलंय. सुरुवातीला ही भूमिका त्याला आतून सापडली होती, हातवारे तिच्यामागून आपोआप आले होते. आता फक्त हातवारे उरले होते. हे असं का होतं आणि आतलं कारण रोज संध्याकाळी परत कसं सापडवायचं, याचा शोध त्यानं मरेपर्यंत सोडला नाही. आज 'सिस्टिम' म्हणून जे ओळखलं जातं ते या शोधातून आलंय. म्हणून ती कायद्याच्या पुस्तकासारखी वाचू नका. त्यानं स्वतःच तिच्यात अनेकदा बदल केले.

पहिली पायरी : संहितेची उलटतपासणी

पहिली तीन वाचनं मनातल्या मनात करा. वाक्यं 'म्हणून' बघू नका. एकदा का एखादा सूर तोंडात बसला की तो निघता निघत नाही. वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे संहितेत स्पष्ट लिहिलेलं, उजवीकडे तुमचा अंदाज. ही रेघ फार महत्त्वाची आहे, कारण नवे नट आपल्या अंदाजालाच नाटककाराचा शब्द मानून बसतात.

आपल्या प्रवेशात डावीकडे काय येईल? दार उघडं होतं. ते नेहमीच उघडं असतं. ती कपड्यांच्या घड्या घालतेय. तो बसायला नको म्हणतो. त्याच्याकडे पिशवी आहे. झालं. आता उजवीकडे या. दार नेहमी उघडं असतं हे त्याला माहीत नाही किंवा तो विसरलाय, म्हणजे बऱ्याच दिवसांनी आलाय. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला ती उत्तरच देत नाही. का? आणि स्वतःच्या भावाला 'बस' असं सांगावं लागणं म्हणजे काय? घरच्या माणसाला कुणी बस म्हणत नाही, तो येऊन बसतोच. 'बस' पाहुण्याला म्हणतात. सात वाक्यांत एवढं दडलेलं आहे.

आता समजा पुढच्या प्रवेशांतून आपल्याला असं कळतं : तो सहा वर्षांनी आलाय. वडील गेले तेव्हाही आला नव्हता. घर दोघांच्या नावावर आहे. तो कर्जात बुडालाय आणि पिशवीत घर विकण्याचे कागद आहेत, ज्यांवर ताईची सही लागणार आहे. याला 'दिलेली परिस्थिती' म्हणतात. कोण, कुठे, कधी, आत्ता येण्याआधी काय घडलं, इथून कुठे जायचंय, या प्रश्नांची उत्तरं नाटकातून गोळा करायची आणि जिथे नाटक गप्प आहे तिथे स्वतः भरायची.

भरताना तारतम्य हवं. मी वीस-वीस पानांची चरित्रं लिहून आणणारी मुलं पाहिली आहेत. मेहनतीचं कौतुक आहे, पण शाळेतल्या बाकाचा रंग ठरवून हाती काही लागत नाही. 'सहा वर्षांपूर्वी मी याच दारातून, दार आपटून निघून गेलो होतो' एवढं ठरवा, बघा, त्या उघड्या दाराशी पाय आपोआप अडखळतात. जे ठरवल्यानं शरीरात काही हललं, ते ठेवा. बाकीचं खोडा.

दुसरी पायरी : 'मी त्याच्या जागी असतो तर?'

'मी म्हणजे तोच आहे' असं स्वतःला पटवत बसायची गरज नाही. मेंदू ते मान्य करत नाही आणि पटवण्याच्या खटपटीतच अंग आखडतं. स्तानिस्लाव्हस्कीनं त्याऐवजी एक छोटा शब्द दिला : 'जर'. मी जर सहा वर्षांनी, बापाच्या अंत्यदर्शनालाही न येता, सही मागायला आलो असतो, तर दारात काय केलं असतं? हा प्रश्न खोटं बोलायला लावत नाही, तो कामाला लावतो. तुम्ही कदाचित आधी चपला कुठे काढायच्या ते बघाल. कदाचित पिशवी पाठीमागे सरकवाल. ही उत्तरं उभं राहून शोधायची, खुर्चीत बसून चर्चा करून ती मिळत नाहीत.

तिसरी पायरी : तुम्हाला समोरच्याकडून काय हवंय?

इथे थांबून वेळ द्या. माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची आहे आणि नवे नट नेमकी हीच घाईघाईत उरकतात.

प्रत्येक प्रवेशात तुमच्या पात्राला काहीतरी हवं असतं. ते एका वाक्यात लिहा, पण असं लिहा की ते मिळालं की नाही हे समोरच्याकडे बघून कळेल. 'मला अपराधी वाटतंय' हे उद्दिष्ट नाही, ती अवस्था झाली. तिचं रंगमंचावर काही करता येत नाही. 'ताईनं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघावं' हे उद्दिष्ट आहे. तिनं बघितलं की नाही, हे क्षणोक्षणी कळतं. बघितलं नाही तर दुसरा उपाय करावा लागतो, आणि तिथून अभिनय सुरू होतो.

ताईलाही काहीतरी हवंय. समजा, 'त्यानं स्वतःच्या तोंडानं चूक कबूल करावी.' तो बघ म्हणतोय, ती बघत नाही. ती बोल म्हणतेय, तो बोलत नाही. एकाचं उद्दिष्ट हाच दुसऱ्याचा अडथळा. सात साध्या वाक्यांत ताण येतो तो इथून येतो. आवाज चढवून तो येत नसतो.

उद्दिष्ट ठरलं की ते गाठण्यासाठी प्रत्येक वाक्यानं समोरच्याला तुम्ही काय *करता*, ते एका क्रियापदात लिहा. यासाठी मराठीसारखी श्रीमंत भाषा हाताशी असणं हे आपलं भाग्यच. चुचकारणं, डिवचणं, गळ घालणं, बगल देणं, झिडकारणं, चाचपणं, खडसावणं, हिणवणं, दटावणं, समजूत घालणं, खुलवणं, लाजवणं, बजावणं, कोंडीत पकडणं. यातला प्रत्येक शब्द समोरच्या माणसाला जाऊन लागतो. आता 'आठवणं', 'चिडणं', 'वाट बघणं', 'उदास होणं' हे शब्द त्यांच्याशेजारी ठेवून बघा. हे सगळं एकट्यानं करता येतं, समोर कुणी लागतच नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं क्रियापद पहिल्या जातीचं आहे की दुसऱ्या, एवढी एक चाळणी लावली तरी निम्मा खोटा अभिनय गळून पडतो.

करून बघा. ताईचा एकच शब्द घ्या : 'बस.' आधी त्यानं भावाला चुचकारा. मग त्याच शब्दानं त्याला हुकूम सोडा. मग त्याला अजमावा, हा खरंच थांबणार आहे का? मग त्याला लांब ठेवा, परक्या पाहुण्याला म्हणावं तसं. सूर ठरवू नका, फक्त क्रियापदावर लक्ष ठेवा आणि भावाच्या चेहऱ्यावर त्याचा परिणाम होतोय का ते बघा. चार वेळा चार वेगळे 'बस' ऐकू येतील आणि एकाचीही चाल तुम्ही बांधलेली नसेल. तालमीत हा खेळ अर्धा-अर्धा तास चालतो आणि कुणालाही कंटाळा येत नाही.

प्रवेश कुठे वळतो, तेही पेन्सिलीनंच खूण करून ठेवा. आपल्या प्रवेशात 'बरी आहेस ना?' पर्यंत एक तुकडा आहे, 'बस' पासून दुसरा, आणि 'मग आलास कशाला?' ला ती थेट मुद्द्यावर येते म्हणून तिसरा. मोठ्या प्रवेशातही असेच तुकडे पडतात. फार बारीक चिरू नका, नाहीतर हातात भुसा उरतो.

चौथी पायरी : हातांना खरं काम द्या

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत स्तानिस्लाव्हस्की भावनेच्या चर्चेपेक्षा शारीरिक कृतीवर अधिकाधिक भर देऊ लागला होता. नटांना तो टेबलाभोवती फार काळ बसवून ठेवायचा नाही. पात्र या क्षणी शरीरानं काय करतंय, ते आधी नीट करा, असं सांगायचा. मन पाऱ्यासारखं असतं, धरायला गेलं की निसटतं. हातातली चादर निसटत नाही.

ताईच्या घड्या घेऊ. नवी नटी हातात कपडा घेते आणि वाक्याच्या तालावर नुसता हलवत राहते. घडी पडतच नाही, कारण तिला ती घालायचीच नाहीये. तसं नको. खरी, मोठी, दुहेरी चादर घ्या. दोन टोकं शोधा, झटका, कडेला कड जुळवा, हनुवटीखाली मधला भाग दाबून धरा, हात खाली न्या. आता लक्षात येईल की एवढ्या मोठ्या चादरीला दुसरा माणूस लागतो. लहानपणी बहुधा या दोघांनीच घरातल्या चादरी धरल्या असतील, समोरासमोर उभं राहून, टोकं जुळवत एकमेकांकडे चालत येत. आज तो दारात उभा आहे आणि ती हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालतेय. तो पुढे होऊन टोक धरतो का? ती धरू देते का? आम्ही एकदा असाच प्रवेश करताना भावानं न ठरवता टोक धरलं आणि ताईनं ते हिसकलं नाही, नुसतं उरलेलं टोक खाली सोडून दिलं. तालमीची खोली गप्प झाली. कुणीही 'दुःखी' अभिनय केलेला नव्हता.

घरी करायचा सराव : रोजचं एखादं काम, सुईत दोरा ओवणं किंवा बुटाची नाडी बांधणं, आधी खऱ्या वस्तूनं सावकाश करा. बोटं कुठे अडतात, श्वास कधी रोखला जातो, डोळे कधी बारीक होतात ते टिपा. मग वस्तू बाजूला ठेवून तेच काम नुसत्या हवेत करा. दोऱ्याचं टोक ओलं करायचं विसरलात तर तिथेच थांबून पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत.

पाचवी पायरी : ऐका, खरोखर ऐका

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझ्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एकात सहकलाकाराचं वाक्य होतं, "उद्या येतो." त्यावर माझं वाक्य, "बरं झालं, मी वाट बघते." दहा-बारा प्रयोग सुरळीत झाले. एका प्रयोगात त्याच्या तोंडून गेलं, "उद्या येत नाही." आणि मी तितक्याच मायेनं, तेवढाच पॉज घेऊन म्हणाले, "बरं झालं, मी वाट बघते." प्रेक्षागृहात खसखस पिकली. चूक त्याची होती असं मी आठवडाभर म्हणत होते. मग कळलं की इतके प्रयोग मी त्याचं बोलणं ऐकतच नव्हते. त्याचं वाक्य माझ्यासाठी फक्त माझ्या वाक्याची घंटा झालं होतं. ही खंत अजून जात नाही, कारण त्या आधीच्या सगळ्या प्रयोगांतसुद्धा मी तितकीच खोटी होते, फक्त कुणाला कळलं नव्हतं.

अमेरिकेतला अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नर (1905–1997) यानं यावर फार साधा सराव दिलाय. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं दुसऱ्याबद्दल दिसतंय ते म्हणायचं : "तू हात घट्ट धरलेस." दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं : "मी हात घट्ट धरलेत." पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. मुद्दाम गंमत करायची नाही, सूर बदलायचा नाही. दोनेक मिनिटांनी वाक्य आपोआप बदलायला लागतं, कारण समोरचा बदलतो. कुणाला हसू येतं, कुणी अवघडतं, कुणी चिडतं. ते झाकायचं नाही, त्यावरच पुढचं वाक्य बेतायचं. नव्यांना पहिल्या दिवशी हा सराव खुळचट वाटतो. आठवडाभर चिकाटीनं करा.

पाठांतराबद्दलही इथेच सांगते. वाक्यं चालीशिवाय पाठ करा, भाजी निवडताना किंवा जिना चढताना, सपाट आवाजात. चालीसकट पाठ केलेलं वाक्य समोरच्यानं काहीही केलं तरी त्याच चालीत बाहेर पडतं. पण पाठांतर चोख हवंच. पुढचा शब्द आठवणारा माणूस समोरच्याचं ऐकू शकत नाही.

अंग आखडणं आणि लक्ष उडणं

जड टेबलाची एक बाजू उचलून धरा आणि तसंच सत्तावीसचा पाढा म्हणा. जमत नाही. स्तानिस्लाव्हस्की पियानोचं टोक उचलायला लावून गुणाकार विचारायचा. ताणलेल्या स्नायूंत विचार करायला जागा उरत नाही, कल्पना करायला तर नाहीच. प्रत्येकाच्या ताणाची जागा ठरलेली असते : कुणाचे खांदे, कुणाचा जबडा, कुणाच्या पायांची बोटं. माझा ताण जिभेच्या मुळाशी बसतो. आपली जागा शोधा आणि एंट्रीआधी तेवढी सैल करा. सगळं अंग ढिलं टाकायचं नाहीये, फक्त नको तो जोर काढायचाय.

प्रेक्षकांची भीती 'ते नाहीतच' असं समजून जात नाही. ते आहेत, खोकतायत. लक्ष हटवायचं नसतं, दुसरीकडे गुंतवायचं असतं. आधी लहान वर्तुळ घ्या : हातातल्या चादरीची कड, तिच्यावरचा डाग. मग थोडं मोठं : भाऊ, त्याची पिशवी, दार. मग सगळी खोली. लक्ष फाटलं की मुकाट्यानं लहान वर्तुळात परत या. हजार माणसांसमोर असं एकटं होता येण्याला 'जाहीर एकांत' म्हणतात. तो मिळवावा लागतो आणि एखाद्या दिवशी मिळतही नाही.

मग 'सहज' कसं म्हणायचं?

आता त्या शेवटच्या शब्दाकडे येऊ. हा शब्द कसा म्हणायचा ते ठरवायचं नाही. त्याच्या आधी मनात काय येऊन गेलं, ते ठरवायचं. संवादाखाली न बोललेला एक प्रवाह सतत वाहत असतो. पात्र बोलत नसतानाही विचार करतच असतं. तो विचार शब्दांत लिहून काढा, आपण स्वतःशी बोलतो तशा तुटक भाषेत.

'मग आलास कशाला?' ऐकल्यावर भावाच्या मनात समजा येतं : 'सांगून टाकू. कागद काढू. नको, तिचे हात बघ, बाबांसारखे झालेत.' आणि तोंडातून येतं, "सहज." दुसऱ्या तालमीत : 'हिला कळलंय. पिशवीकडे बघितलं तिनं.' आणि "सहज." तिसऱ्यांदा : 'मला घरी यायचं होतं. बस्स.' आणि "सहज." शब्द तोच, पण तिन्ही वेळा माणूस वेगळा. तुम्ही फक्त विचार खरा करा, तोंडाला मोकळं सोडा.

हा विचार संपूर्ण नाटकाशी जुळला पाहिजे. भावाला या प्रवेशात ताईनं बघावं असं वाटतं, पुढच्यात सही हवी असते, त्यापुढे तो कागद फाडतो असं धरू. या सगळ्यांच्या तळाशी त्याला नाटकभर एकच गोष्ट हवी असेल : 'या घरात मला परत जागा मिळावी.' याला भूमिकेचं सर्वोच्च उद्दिष्ट म्हणतात. ते मिळालं की प्रवेशांचे सुटे मणी दोऱ्यात येतात. मात्र ते पहिल्या आठवड्यात सापडलं नाही तर घाबरू नका. तात्पुरतं एक लिहून ठेवा आणि तालमी पुढे जातील तसं बदला.

स्वतःच्या जखमा उकरायच्या का?

हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो. स्तानिस्लाव्हस्कीनं सुरुवातीला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याच्या विचारांतून भावनिक स्मृतीची कल्पना घेतली : आयुष्यातला जुना प्रसंग आठवून त्याची भावना भूमिकेसाठी जागी करायची. अमेरिकेत अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्ग यानं याच गोष्टीवर आपल्या शिकवणीचा पाया घातला. 1934 साली नटी स्टेला अॅडलर पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लाव्हस्कीबरोबर काही आठवडे काम करून आली. परतल्यावर तिनं न्यूयॉर्कच्या 'ग्रुप थिएटर' या आपल्या नाट्यसंस्थेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं की त्याचा भर आता दिलेल्या परिस्थितीवर, कृतीवर आणि कल्पनाशक्तीवर आहे. स्ट्रासबर्गला ते पटलं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला भावनिक स्मृतीच्या वाटेला जाऊ नका, आणि एकट्यानं तर मुळीच नको. एक तर ताजं दुःख तुमच्या ताब्यात नसतं. ते आलं की तुम्ही सहकलाकाराला विसरता आणि आतल्या आत बघत बसता. दुसरं, वापरून वापरून ती आठवणही झिजते, मग भूमिकाही जाते आणि आठवणही. इंद्रियांची स्मृती मात्र बिनधोक आहे : ओल्या भिंतीचा वास, थंड कडीचा स्पर्श, जुन्या दाराचा आवाज. तिच्यातून जे यायचं ते येतं. एखादा शिक्षक तुमची खासगी जखम सगळ्यांसमोर उघडायची सक्ती करत असेल तर नाही म्हणा. तुमच्या कामात त्यानं काहीही उणं येत नाही.

प्रयोगानंतर भूमिका उतरवायचीही सवय लावा. तोंड धुवा, कपडे स्वतःच्या हातानं जागेवर ठेवा, सहकलाकाराला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारा.

शेवटच्या रांगेचा विसर नको

वास्तववादी म्हणजे पुटपुटणं असा एक गैरसमज पसरला आहे, आणि कॅमेऱ्यासमोरचा अभिनय बघून तो वाढतो आहे. कॅमेरा तुमच्या जवळ येतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत तुम्हालाच जावं लागतं. 'सहज' मधला शेवटचा 'ज' तिथे ऐकू आला नाही तर त्याच्या मागचा सगळा विचार फुकट. त्यासाठी ओरडायला नको. श्वास पोटातून हवा, व्यंजनं स्वच्छ हवीत आणि वाक्याचं शेपूट गिळायचं नाही. रिकाम्या नाट्यगृहात एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि जवळच्याशी बोलता तसंच बोला, फक्त ते त्या माणसालाही कळावं अशा इच्छेनं. आवाजाचा रियाज रोजचा आहे. त्याला पर्याय मला माहीत नाही.

तिसावा प्रयोग

पहिल्या प्रयोगाला सगळंच जिवंत असतं, भीतीमुळे का होईना. खरी परीक्षा पुढे असते. काल भावानं टोक धरलं तेव्हा सभागृह गप्प झालं होतं, म्हणून आज तो ते धरायला जातो, कालच्यासारखाच, त्याच वेगानं, आणि काहीच घडत नाही. परिणाम पुन्हा करायला गेलं की हेच होतं. कारण पुन्हा करा. हालचाली, जागा, वाक्यं ठरलेलीच राहतील, ती बदलण्याचा हक्क नाही. पण ताई आज कशी दिसतेय, ते आजच बघायचंय.

त्यासाठी विंगेतली दोन-तीन मिनिटं राखून ठेवा. मोबाइल नाही, गप्पा नाहीत. वाक्यं घोकू नका, ती येतील. तुमच्या पात्राला येण्याआधीच्या पाच मिनिटांत काय झालं, तेवढंच मनात चालवा. कोपऱ्यावर वळलो. खिडकीत दिवा दिसला. परत फिरावंसं वाटलं. पिशवीचा पट्टा खांद्याला काचतोय. दार बंद असेल, कडी वाजवावी लागेल, ती विचारेल कोण आहे, आणि मला स्वतःचं नाव सांगावं लागेल. हात कडीसाठी वर न्या आणि मग आत जा.